कळल्या दिवसापासून

लालबाग, मुंबई
दि. २७ एप्रिल

तीर्थस्वरूप बकुळावहिनीस,
मनूचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. सुनंदाचे गुडघे कुरकुरतात, पण चौथा मजला रोज चढते आणि चढताना लिफ्टला आणि मला आलटून पालटून बोल लावते. अनुजा परदेशाहून सुट्टीवर आली आहे, गेल्या रविवारी जावयांबरोबर जेवून गेली. तुमची चौकशी करत होती. लग्नाला वर्ष होत आलं तरी काकीच्या पाया पडायला मी नेलं नाही, म्हणून माझ्यावर रुसली आहे.

पाकिटावर तुमचं नाव घालताना सवयीने ‘सौ.’ लिहिलं आणि पाकीट फाडलं. दुसरं आणायला खाली उतरलो, तर चहाच पिऊन आलो. टाळाटाळ करण्यात मी पहिल्यापासून पटाईत, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको.

यंदा तुमच्या दारच्या आंब्याला मोहोर उशिरा आला. विहिरीकडचं कुंपण नवं केलंत, चांगलं केलंत. दादाची आरामखुर्ची मात्र पडवीतून आत नेलीत. तुम्ही म्हणाल, याला मुंबईत बसून हे कसं कळलं? वहिनी, गेल्या वर्षभरात मी नऊ वेळा वेंगुर्ल्याला येऊन गेलो. सुनंदाला सांगायचो, ऑफिसातल्या जुन्या दोस्तांबरोबर अलिबागला चाललोय.

दादा नेहमी म्हणायचा, ‘मनू, तू गणपतीत चार दिवस येतंस आणि गाव बघलंय म्हणतंस. गाव बारा महिन्यांचा आसा रे.’ त्याच्या पश्चात बघितला बारा महिन्यांचा गाव. जूनमध्ये आलो तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून नारळाच्या झापांनी शाकारलेल्या होत्या. बंदरावर चिटपाखरू नव्हतं. तुमच्या गल्लीपर्यंत आलो आणि आठवलं, आज शनिवार, शनिवारी समाचाराला जाऊ नये म्हणतात. श्रावणात आलो तर नेमकी नारळी पौर्णिमा. सगळं गाव समुद्राला नारळ द्यायला लोटलेलं, अशा दिवशी रडकं तोंड घेऊन कुणाच्या दारात जायचं? भाद्रपदात गणपती. दिवाळीत दिवाळी. न जाण्याचं ठरवलं की कॅलेंडर कधी नाही म्हणत नाही.

डिसेंबरात किनाऱ्यावर रापणीचं मोठं जाळं ओढत होते. मीही दोराला हात लावला, म्हणून वाट्याचे चार बांगडे मिळाले. ते घेऊन थेट तुमच्या कुंपणाच्या बेड्याच्या दारापर्यंत आलो. तुम्ही पडवीत पाठमोऱ्या बसून कुळीथ पाखडत होतात. तिरफळं घातलेलं तुमच्या हातचं बांगड्याचं तिखलं आठवलं आणि तोंडाला पाणी सुटलं, अशा वेळीसुद्धा. हाक मारणार, तेवढ्यात लक्षात आलं की मार्गशीर्षातला गुरुवार आहे. बांगडे बंदरावरच्या मांजरांना घातले.

त्याच दिवशी लॉजवाल्या राजरत्नने मला निरखून विचारलं, “तुमी आनंदाभावचे कोण? नाक तसाच दिसता.”

“कोणी नाही. लांबची ओळख,” मी म्हटलं.

“चांगलो माणूस. तेंचो एक भाव आसा मुंबयक. पोरबाळ नाय, म्हणान भावान अग्नी देवचो, तर तेची सांजपर्यंत वाट बघली. मगे वयनीनच दिल्यान.”

वहिनी, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. शेजाऱ्यांनी सगळं केलं, एवढंच म्हणालात. मी तसाच खोलीवर गेलो आणि दार लावून ढसाढसा रडलो.

आता लिहितो. गेल्या मे महिन्यात शुक्रवारी दुपारी मी दादरला हॉलवर फुलवाल्याशी भांडत होतो. रविवारी अनुजाचं लग्न. जावयांना पुढच्या आठवड्यात परदेशी हजर व्हायचं होतं, चारशे माणसांना आमंत्रणं गेली होती. दादाचं दुखणं वाढलंय, हे मला माहीत होतं. भाऊ गेला तर दहा दिवस सुतक, आणि सुतकात लग्न लागत नाही. पण कानावर येईपर्यंत सुतक लागत नाही, हेही लहानपणापासून ऐकलेलं. तेवढ्यात तुमचा फोन आला.

मी तुम्हाला सोमवारी सांगितलं की धावपळीत फोन पडला, तीन दिवस बंद होता. फोन पडला नव्हता. मी तो उचलला होता. तुम्ही फक्त ‘मनू’ म्हणालात. त्या एका हाकेत मला सगळं कळलं. मी फोन कापला, बंद केला, खिशात टाकला आणि फुलवाल्याला म्हटलं, झेंडू चालेल.

त्या संध्याकाळी तुम्ही स्मशानात उभ्या होतात. मी हॉलवर खुर्च्या मोजत होतो. रविवारी अक्षता टाकल्या, पंगतीत आग्रह केला, फोटोत हसलो. आणि सोमवारी तुम्ही मला काय विचारलंत? “लगीन बरा झाला मां? मग झाला.” महिन्याने तुमचं पार्सल आलं. अनुजाच्या लग्नासाठी दादाने स्वतः भाजून ठेवलेले काजू. घरात सगळ्यांनी खाल्ले. मी एकालाही हात लावला नाही.

तुम्हाला तेव्हाच समजलं होतं का? समजलं असेल तर माझी लाज राखलीत, आणि नसेल तर आता समजलं. दोन्हीत मी चोरच.

आज सकाळी सुनंदाला सांगितलं. मला वाटलं, तोंड सोडेल. ती उठली, देवापुढे लावायला घेतलेली वात परत डब्यात ठेवली आणि देव्हाऱ्याचा पडदा ओढून घेतला.

सुतक कळल्या दिवसापासून धरतात. मला कळलं त्या दिवशी मी धरलं नाही, म्हणून आजपासून धरतो. भटजी हसतील, हसू देत. आजचा धरून दहावा दिवस सहा मेला येतो. त्या दिवशी सकाळी बंदरावर केस उतरवून, आंघोळ करून बसेन. तुम्ही बोलावलंत तर घरी येईन. नाही बोलावलंत तर दुपारच्या एस.टी.ने परत फिरेन, आणि या वेळी वार-तिथीला दोष देणार नाही.

वर सवयीने लिहिला गेला, शेवटी नमस्कार लिहीत नाही, वहिनी. सुतकात नमस्कार करत नाहीत.

ज्याला कळलं होतं तो,
मनू