मेहुण्यांचा पायगुण

किइंदी, बुधवार सकाळ

आदरणीय मेहुणे सिरियाको यांना तेओफिलोचा वाकून नमस्कार.

काकुपेच्या माउलीच्या कृपेने इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? बुएनोस आयर्सच्या थंडीत परांचीवर चढताना तो कुरकुरतो, असं ओब्दुलिया सांगत होती. त्याला कोंबडीची चरबी कोमट करून चोळा आणि वरून लोकरीचा मोजा कापून चढवा. वहिनींना नमस्कार सांगा. तुमच्या शेजारच्या त्या कुत्र्याला (तो मागच्या वेळी मला चावला होता) काही सांगू नका.

तुम्ही म्हणाल, हातात मोबाईल असताना ह्या माणसाला कागद खरडायची हुक्की कुठून आली? तर घरात मोबाईल एक, आणि तो चोवीस तास तुमच्या बहिणीच्या, ओब्दुलियाच्या पदरात. तिच्या नजरेआड तुमच्याशी दोन शब्द बोलायचे तर बसवाल्या निकासियोच्या हाती पत्र देण्यावाचून दुसरा मार्ग नाही. म्हणजे भलतंसलतं काही नाही हो. मंगळवारी तुमच्या मातोश्रींना ऐंशी वर्षं पूर्ण होतात आणि त्यासाठी तुम्ही रविवारच्या बसचं तिकीट काढलंत, हे ऐकल्यापासून घरात सणासारखं वातावरण आहे. मातोश्रींनी तुमच्यासाठी काळी कोंबडी वेगळी बांधली आहे. तिला माझ्या ताटातला मका जातो. रोज दुपारी त्या ओट्यावर बसून हमरस्त्याकडे बघत असतात. आज बुधवार, तुम्ही सोमवारी येणार, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, तरी बघतात. त्या बघण्याविषयी मी पुढे लिहिणारच आहे, पण आधी आपल्या संघाविषयी, कारण एकाशिवाय दुसरं कळायचं नाही.

संघाने ह्या वेळी कमाल केली आहे. मागची इतकी वर्षं आपण वर्ल्ड कप दुसऱ्यांच्या लग्नासारखा बघितला. कोण आलं, काय नेसलं, कसं जेवलं, एवढंच बोलायचं. यंदा मात्र पात्रतेचे दोनच सामने उरले आहेत आणि आपण अजून जिवंत आहोत. उद्या गुरुवारी परक्या मैदानावर जिंकलो, तर मंगळवारी घरच्या मैदानावर नुसती बरोबरी पुरे. (मंगळवार कुठला ते तुमच्या लक्षात आलंच असेल.) आणि हे सगळं एका पोरामुळे, तातू ओवेलारमुळे. शेजारच्या वाडीतला, विहिरीपलीकडच्या ओवेलारांचा धाकटा. बुटका, वाकड्या पायांचा, अंगाला माती लागल्याशिवाय जेवायला न बसणारा. आता सगळा देश त्याचं नाव घेतो आणि सेफेरिनाकाकूंच्या दुकानाच्या पडवीत, जिथे आम्ही सामने बघतो, तातूवर मालकी कोणाची ह्यावरून रोज भांडणं होतात.

बासिलियो न्हाव्याचं म्हणणं, तातूचं पहिलं जावळ त्याने काढलं, त्याच दिवशी त्याने ओळखलं. "डोकं बघूनच म्हटलं होतं मी, हे पोर हेडर मारणार." मी म्हटलं, अरे, तो आजवर डोक्याने एक तरी गोल मारलाय का? तर म्हणतो, "मारेल ना! घाई कसली आहे तुला?" सेफेरिनाकाकूंचं म्हणणं, तो चकवतो तसा का चकवतो, तर लहानपणी त्यांच्या परसातले पेरू चोरून त्यांच्या कुत्र्याला हुलकावण्या देत पळायचा म्हणून. "श्रेय द्यायचं तर माझ्या कुत्र्याला द्या, कोचला कसलं देताय? तो तर पोराला अर्धा सामना बाकावर बसवून ठेवतो, मेला!" आता खरं सांगायचं तर तातूचा पहिला चेंडू माझ्या हातचा. आपल्या गावात घरटी एक माणूस चेंडू शिवतो हे तुम्हाला काय सांगायचं. पण मी शिवलेला तो चेंडू एका बाजूला जरा फुगलेला निघाला, कोणी घेईना, म्हणून ओवेलारांच्या पोराला दिला. तो चेंडू कुठे जाईल ते देवालासुद्धा ठाऊक नसे. असल्या चेंडूवर जो शिकला त्याला गोल चेंडू म्हणजे खेळच वाटणार! हे मी पडवीत सांगितलं तेव्हा सगळे इतके हसले की प्यायच्या गार तेरेरेचं भांडं कलंडलं, पण तुम्ही समजूतदार आहात.

तर पडवीतल्या शिस्तीविषयी. पहिला सामना जिंकलो तेव्हा जो जिथे बसला होता, जे ल्यायला होता, जे खात होता, ते त्याने शेवटपर्यंत बदलायचं नाही, असा ठराव आहे. बासिलियो त्या दिवशी लोकरीची टोपी घालून आला होता; नंतर अख्खा उन्हाळा त्याने ती घातली, डोक्यावर घामोळं उठलं. काकूंनी त्या दिवशी भट्टीत चीजच्या चिपा जाळल्या होत्या. तेव्हापासून प्रत्येक सामन्याला त्या चिपा मुद्दाम जाळतात आणि आम्ही मुकाट चावतो. आणि माझ्या गुडघ्यांत त्या दिवशी एक चेंडू होता, शेवटची शिवण राहिलेला. गप्पा मारता मारता दोन टाके घालावेत म्हणून नेला होता. तो चेंडू आजतागायत मी मिटवलेला नाही. आ वासलेला चेंडू मांडीवर घेऊन मी दर सामन्याला बसतो. ओब्दुलिया म्हणते, तेवढ्या वेळात दुसरे दहा झाले असते. तिला काय कळतंय! (एक सांगतो, तातूचा एकही गोल मी अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही. सामना अटीतटीला आला की माझ्या छातीत धडधडतं आणि मला उठून मागच्या आंब्याखाली जावं लागतं. चेंडू खुर्चीवर ठेवतो आणि जातो. आरडाओरडा झाला की परत येतो. पण चेंडू जागेवर असतो, म्हणजे मी असल्यासारखाच.)

आता मुद्द्याचं. रागावू नका. मागच्या वर्षी तुम्ही आमच्या धाकटीच्या बारशाला आलात, आपण दोघं शेजारी बसून सामना बघितला, हरलो. ईस्टरला आलात, पुन्हा बसलो, पुन्हा हरलो, तेही शेवटच्या मिनिटाला. चिलीशी सामना होता तेव्हा तुम्ही आला नव्हतात, पण मध्यंतरात फोन केलात, ओब्दुलियाने तो मला पडवीत आणून दिला, "जिंकतोय रे आपण!" म्हणालात, मी तुमच्याशी बोलत जागेवरच बसून राहिलो, आणि बोलता बोलता दोन गोल खाल्ले. योगायोग, दुसरं काय. मी पहिल्यापासून तसंच म्हणतोय. पण रविवारी पडवीत बैठक बसली आणि बासिलियोने टोपी सावरत विषय काढला. "तेओफिलो, वाईट वाटून घेऊ नकोस, पण तुझा मेहुणा पांढऱ्या पायाचा आहे." मी भडकलो. म्हटलं, माझ्या बायकोच्या भावाला असं बोलायचं काम नाही! त्यावर काकू म्हणाल्या, "बोलत कोण आहे? आम्ही नुसतं त्याला येऊ नको म्हणतोय."

मी तुमच्या बाजूने पुष्कळ भांडलो. त्यांनीही मन मोठं करून काही तोडगे काढले, ते जसेच्या तसे कळवतो. एक असा, की तुम्ही या, पण मंगळवारी सामना सुरू असताना नदीच्या पलीकडे, अर्जेंटिनाच्या हद्दीत थांबा, कारण पायगुण जकात नाक्यावरून आत येत नाही असं बासिलियोला कोणीतरी सांगितलं आहे. दुसरा, की तुम्ही घरात या पण डोळ्यांवर पट्टी, कानांत बोळे. तिसरा काकूंचा, की शिट्टी वाजेपर्यंत तुम्हाला चर्चमध्ये पाद्रीबाबांच्या ताब्यात द्यायचं. (पाद्रीबाबांना विचारलं. ते म्हणाले असल्या अंधश्रद्धेला चर्चमध्ये थारा नाही, आणि शिवाय सिरियाको आत असेल तर मी सामना कुठे बघू?) शेवटी सगळ्यांच्या मते सोपं काय, तर तुम्ही तिकीट पुढच्या रविवारचं करून घ्यावं. वाढदिवस काय, आठवड्याने केला तरी केक तोच. मातोश्रींना काय सांगायचं ते मी बघतो. गुडघा दुखतोय म्हणावं. हे तुम्हाला लिहायची जबाबदारी माझ्यावर आली कारण नातं माझं. लिहिताना हात कसा जड झाला आहे ते अक्षरावरून दिसेलच. ओट्यावरून मातोश्री आत्ताच विचारत होत्या, सिरियाकोला खिडकीजवळची जागा मिळाली का. मी म्हटलं, मिळाली.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला चरबी.

आपला,
तेओफिलो

ता.क. शुक्रवार दुपार. निकासियोची बस घाटात बिघडली, ती आज येतेय, त्यामुळे हे पत्र माझ्याकडेच पडून राहिलं. वरचं सगळं वाचलंच असेल तर विसरा. फाडून टाकलं असतं, पण कागद दोन्ही बाजूंनी भरला आहे आणि चरबीचा उपाय पुन्हा कोण लिहिणार?

काल काय झालं ते ऐका. सामना सुरू झाला, मी चेंडू घेऊन जागेवर, बासिलियो टोपीत, चिपा कोळसा. पहिल्याच धडाक्यात आपल्यावर एक गोल. इतक्यात पडवीच्या पायरीवर काठीचा आवाज. मातोश्री! ज्या बाईंनी आयुष्यात कधी सामना बघितला नाही, त्या मांडिओकाच्या कंदांची टोपली काखेत घेऊन आमच्यापुढे उभ्या. बासिलियोची बायको त्यांच्याशी विहिरीवर बोलली होती. (न्हाव्याच्या घरात काही टिकत नाही.) टीव्हीच्या पुढे उभं राहून त्या बासिलियोला म्हणाल्या, "माझ्या पोराला येऊ नको म्हणणारा तू कोण रे? तुझ्या बारशाला मी सूप नेलं होतं." बासिलियोने टोपी काढली. घोर पाप, पण काढली. मग माझ्याकडे वळल्या. "आणि जावई, तुम्ही! लिहिलंत ना पत्र? उठा. घ्या ही टोपली, आंब्याखाली बसून सोला. तुमचं तोंड बघायचं नाही मला."

काय करणार? चेंडू खुर्चीवर ठेवला आणि टोपली घेऊन बाहेर गेलो. एक मांडिओका सोलतोय तोच आत बोंब! तातूने फेडला. मी सुरी टाकून धावत आत. खुर्चीत टेकलो नाही तोच समोरच्यांना पेनल्टी. आणि मेहुणे, सगळे टीव्हीकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत होते. मातोश्री शांतपणे म्हणाल्या, "जावई, बाहेर." मी गेलो. चेंडू खांबाला लागून परत आला. मग मला कोणी आत येऊच दिलं नाही. काकूंनी कुत्रा सोडून ठेवला दारात. शेवटच्या क्षणी तातूने दुसरा घातला. तो मी कानांनी पाहिला. सबंध टोपली सोलून झाली होती.

नंतर मातोश्रींनीच सगळ्यांना समजावलं. "एरवी जावई सामना बघतात कुठे? निम्मा वेळ तर आंब्याखाली. सिरियाको आला की मात्र पाहुणा म्हणून त्याच्याजवळ ठिय्या मारून बसतात, जागचे हलत नाहीत. मग हरणार नाही तर काय?" कोणाला हे आजवर सुचलं नव्हतं. बासिलियोने येऊन माझा खांदा थोपटला, डॉक्टर थोपटतात तसा. मला रडूच आलं हो. तर ठराव असा, की मंगळवारी चेंडू माझ्या खुर्चीवर बसेल आणि मी बाहेर. तुमच्यावरचे सगळे आरोप मागे घेतले आहेत.

पुन्हा ता.क. खरी विनंती ही. रविवारच्या बसने याच. आणि मंगळवारी आत न बसता माझ्याबरोबर आंब्याखाली बसाल का? एकट्याला फार जड जातं. भिंतीत एक भोक आहे, त्यातून तुम्ही बघा आणि मला सांगत जा. तातू डावीकडून गेला की उजवीकडून, ते नीट सांगा, नुसतं "मारला" म्हणू नका.

आणखी एक ता.क. मातोश्री शेजारी येऊन बसल्या आहेत आणि मी सांगेन ते शब्दशः लिहा म्हणतात. तर हे त्यांचं: "सिरियाको, मी आई. हे लोक वर्ल्ड कप वर्ल्ड कप करतात, तो दर चार वर्षांनी येतो. मी ऐंशीची एकदाच होणार. तू ये. कोणी विचारलं तर सांग, आईने बोलावलं. आणि जर का हरलेच मंगळवारी, तर मी सांगेन गावाला, मी नजर लावली म्हणून. ऐंशी वर्षांच्या बाईला कोण काय करणार आहे?"