खळीची चव

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, धंदा पुस्तकबांधणीचा, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाविना लिहिते. अक्षर वेडंवाकडं आहे. बिघाड मेंदूच्या तोल सांभाळणाऱ्या भागात आहे, अकलेत नाही. साक्षीदार डॉक्टर तसं लिहून देतील.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या मुलीला, विनाअट.

२. माझी काठी धाकट्या दिरांना. मी भिंत धरून चालू लागले तेव्हा "वहिनी घेतात थोडी" असं त्यांनी भर लग्नात चारचौघांना सांगितलं. खरंच घेत असते तर बोलणी फुकट गेली नसती.

३. दुकान, दाबयंत्र, दाभणं आणि घड्या घालायची हाडाची पट्टीही मुलीला. पट्टी ह्यांची, त्यांच्या अंगठ्याने तिला खळगा पडलाय. ती हातात धरली की अजून गलबलतं. ते खिडकीशी पानं शिवायचे, मी स्टोव्हवर पुठ्ठे चिकटवायची मैद्याची खळ ढवळायची आणि बोटभर जिभेवर ठेवायची. आंबली की नाही ते तसंच कळतं, हे त्यांनीच शिकवलेलं. ते जाऊन पंधरा वर्षं झाली. तेवढं सुख मला पुन्हा कुठल्या खोलीत मिळालं नाही.

आजार कळला तेव्हा गहू सोडला. पोटाची तक्रार कधीच नव्हती; शरीराचे पहारेकरी गव्हावर चवताळतात आणि त्या भरात मेंदूवरच धावून जातात, असं डॉक्टरांनी समजावलं. तरी दोन वर्षं रक्तातला त्या पहारेकऱ्यांचा आकडा उतरेना. "चोरून खाताय," म्हणाले. मी भांडून आले. पुढे डॉक्टर बांधायला टाकलेले ग्रंथ न्यायला दुकानात आले.

"बाई, तोंडात काय घातलंत?"

"खळ."

"कशाची?"

"मैद्याची," म्हणता म्हणता मीच पातेलं स्टोव्हवरून उतरवलं. तेव्हापासून खळ तांदळाच्या पिठाची. जेमतेम चिकटते, पण चिकटते.

४. दुकान ताब्यात घेण्याआधी मुलीने रक्त तपासून घ्यावं, ही अट. हा आजार रक्ताच्या नात्यात उतरू शकतो, आणि गेल्या वर्षापासून ती जिन्यात कठडा धरते. "दमलेय गं," म्हणते. मीही हेच म्हणायचे. माझा तोल पुरता परत आला नाही. तिचा जायला नको.

५. सहीआधी तिला हे सगळं वाचून दाखवलं.

"तू गेल्यावरची अट आत्ताच ऐकवतेस होय?" म्हणाली आणि रडायलाच लागली. भीतीपोटी तिने दोन महिन्यांपासून गुपचूप बाहेरचाही गहू सोडलाय. डॉक्टर म्हणाले, मग तपासणीत काही दिसेलच असं नाही. आधी सहा आठवडे गहू रोज खायला हवा.

अट कायम आहे. दहा वर्षं घरात मी गव्हाचा कण येऊ दिला नव्हता. आज भिंती धरत कोपऱ्यावर गेले, पाव आणला आणि पहिला घास माझ्या हाताने तिला भरवला.

स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: १४ मार्च

सही (थरथरती, पण माझीच)

साक्षीदार:
१. डॉक्टर. लिहिणारी पूर्ण शुद्धीत आहे.
२. शेजारचा चष्मेवाला. सही माझ्यासमोर झाली.