पिशवी न तपासण्याची अट

मी, हॉटेलच्या कपडेखात्यातली निवृत्त शिलाईवाली, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कुणाच्या दडपणाखाली न येता लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा दीर नेमकं याच्या उलट सांगत फिरणार, हे मी जाणून आहे. वकिलांनी मसुद्यात 'इत्यादी' असा शब्द घातला होता, तो मी खोडायला लावला. इत्यादीत काय काय मावतं, कोण जाणे.

एक. राहती खोली माझ्या एकुलत्या लेकीला. कारण सविस्तर लिहिते, म्हणजे पुढे कुणाला फाटे फोडता यायचे नाहीत.

फाटक्या चादरी, उशांचे अभ्रे सांधायचं माझं काम. सुटताना मागच्या दाराशी आमची झडती व्हायची. साहेबलोक पुढच्या दाराने जायचे. एकदा एका पाहुणीची अंगठी हरवली. त्या मजल्यावर मी पडदे टाचायला गेले होते. मॅनेजरने सगळ्यांसमोर माझी पिशवी उपडी केली. मग आतल्या खोलीत पहारेकरणीने अंगावरचे कपडे उतरवायला लावले. अंगठी पाहुणीच्याच कोटाच्या खिशात निघाली. मॅनेजर म्हणाला, "मिळाली ना? मग रडतेस कशाला? काम पडलंय." नवरा वारलेला, लेकीची शाळा चालू, नोकरी सोडून जाणार कुठे? त्याच दाराने येत-जात राहिले.

झोप उडाली ती तेव्हापासून. घरी येऊन स्वतःचीच पिशवी पुन्हा पुन्हा उलटी करायची, कुणी काही टाकलं तर नाही ना. नळावर बायका हसल्या की मलाच हसल्या असं वाटे. पुढे लेकीने केलेला चहासुद्धा हुंगू लागले. "यात काय घातलंस?" ती माझ्याच कपातला पहिला घोट घ्यायची नि कप पुढे करायची. एकदाही चिडली नाही. चिडत नाही, याचाही मला संशय आला.

दवाखान्यात तिनेच नेलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या (त्या मी आधी औषधवाल्याला दाखवल्या) आणि कामावरचं सगळं विचारून घेतलं. म्हणाल्या, "मावशी, लोकांनी वर्षानुवर्षं तुमच्यावर संशय घेतला, तो तुमच्या अंगात मुरलाय. म्हणून तुमचा प्रत्येक संशय खोटाच, असं मात्र नाही. एकेक बसून पडताळू."

दोन. पुढे मी दवाखान्यात दाखल असताना दीर एका 'वायरमन'ला घेऊन खोलीवर आला. लेकीने पाहिलं, तो भिंतींना टेप लावत होता. घरी आल्यावर मी विचारलं, "भाऊजी, वायरमन कधीपासून भिंती मोजायला लागले?"

"वहिनी, तुमचं डोकं फिरलंय," म्हणाला आणि चपला घालून निघाला. पडताळलं. तो वायरमन म्हणजे खोल्या विकणारा दलाल होता. सबब, माझी शिवणाची टेप दिराला द्यावी. मापं घ्यायची हौस भागेल.

तीन. शिलाई मशीन दवाखान्यात, बऱ्या होत आलेल्या बायका शिवणकाम करतात त्या खोलीत द्यावं. अट एकच : तिथून घरी जाणाऱ्या बाईची पिशवी कुणी उघडून बघायची नाही. एखादी चिंधी गेली तर जाऊ दे.

चार. मॅनेजरला काही नाही. मी गेल्याचा निरोपही धाडू नये. माफ केलं असं समजायचा.

पाच. कपडेखात्यातली चिमणी माझ्या शेजारच्या मशीनवर शिवायला बसायची. त्या दिवशी "हिने घेतली नाही" असं म्हणणारी ती एकटीच. तिच्या नावे काही ठेवता येत नाही, कारण साक्षीदाराला वाटा नसतो, असं वकील म्हणाले. मी दुसऱ्या वकिलालाही विचारलं. खरं निघालं. रागावू नकोस गं.

शेवटचं. हे सगळं वाचून दाखवलं तेव्हा लेक म्हणाली, "आई, खोलीचं राहू दे. तू आता नीट झोपतेस, मला तेवढं पुरे."

खोली नको म्हणणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. बराच वेळ तिच्या तोंडाकडे टक लावून बघत बसले. काही सापडलं नाही.

खोली तिलाच.

सही : (माझीच. अंगठा नाही, मला लिहिता येतं.)

साक्षीदार :
१. डॉक्टरीणबाई, सही
२. चिमणी, सही

ठिकाण : राहती खोली
दिनांक : बारा मार्च