लिफ्ट एकच आहे

ती. आईस,
वाकून नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवते. बाबांचा गुडघा कसा आहे? जिना चढू देऊ नकोस.

सोमवारी आमच्या हॉस्पिटलातली ऑपरेशनं पहिल्यांदा मी लिहिलेल्या प्रोग्रामच्या वेळापत्रकाने सुरू झाली. डॉक्टर, नर्स, खोल्या, सगळ्यांचा चोख मेळ घातला होता. नऊच्या ठोक्याला सहा पेशंट स्ट्रेचरवर हजर, आणि सहाही लिफ्टच्या दारात!

लिफ्टमन काका म्हणाले, "ताई, लिफ्ट एकच आहे, हे कॉम्प्युटरला सांगितलंत का?"

नव्हतं सांगितलं. सकाळपासून उपाशी असलेल्या एक आजी स्ट्रेचरवरून म्हणाल्या, "माझा नंबर लागेपर्यंत मी आपोआप बरी होईन."

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांदेखत माझी बिनपाण्याने केली. मी रडले वगैरे नाही. जरा जिन्यात बसले होते, एवढंच.

मग दोन दिवस काकांशेजारी स्टूल टाकून लिफ्टच्या खेपांच्या वेळा टिपल्या आणि प्रोग्राममध्ये घातल्या. एरवी संध्याकाळी सातपर्यंत रेंगाळणारी ऑपरेशनं काल चारलाच आटोपली.

डॉक्टरीणबाईंनी बोलावलं, तेव्हा वाटलं, आता नारळ मिळणार.

"हे नियोजन शिकलीस कुठे?"

"घरी," मी म्हटलं. "माणसं सात, न्हाणीघर एक, आणि आठच्या आत सगळ्यांना तयार करून बाहेर काढणारी माझी आई."

"म्हणजे आम्ही चुकीच्या बाईला नोकरीवर घेतलं," त्या म्हणाल्या. तरी मला कायम केलंय गं!

तुझी,
धाकटी