उभा काटा

५ एप्रिल, रवि.
बाबांची जीप काल पुन्हा तापून घाटात उभी राहिली. फोन आला तेव्हा मी नववीचे पेपर तपासत होते. रेडिएटरमधून वाफ, आणि डॅशबोर्डवरचा काटा म्हणे शेवटपर्यंत आरामात मधोमध. वायर खराब होऊन तिथेच अडकून बसलेला.
बाबा अठ्ठ्याहत्तर. चांदूर बाजारहून धारणी, दर शनिवारी, आत्याकडे. आत्यानं अंथरूण धरल्यापासून एकही शनिवार चुकलेला नाही. बसनं जा म्हटलं की फोन ठेवतात.
कंटाळा आलाय. काळजीचासुद्धा कंटाळा येतो, हे कुणाला सांगायची सोय नाही.

९ एप्रिल, गुरु.
रजा टाकून अकोला. मी अमरावतीहून बसनं, बाबा जीप घेऊन, वाटेत थांबत, बोनेट उघडत. दुसरा मिस्त्री चालत नाही. सरकारी जीप चालवण्यात अख्खी नोकरी अकोल्यात गेली, तेव्हापासून जुन्या शहरातले सलीमभाईच.
तासभर वाद. मला बझरवाला इलेक्ट्रिक मीटर हवा होता. इंजिन तापलं की वाजेल, काट्याकडे पाहायलाच नको. बाबांना नळीवाला. त्याचं टोक थेट इंजिनच्या पाण्यात बसतं, बॅटरी-वायरची भानगड नाही.
"वायर मेली तं काटा खोटं बोलते. नळीले करंटच लागत नाई. अन् बझर? जीपीच्या आवाजात मले तुयं बोलनं आयकू येत नाई, बझर कुठून येईन?"
सलीमभाईंनी मध्यस्थी केली. पाण्याच्या तापमानाचा मीटर नळीवाला, ऑइलच्या दाबाचा वायरवाला. ऑइलची नळी आत आणली आणि फुटली तर कढत तेल पायावर, म्हणून. मी मान डोलावली. वाद घालायचं त्राण नव्हतं.
चहा घेऊन परत येते तो दोघं डॅशबोर्डात डोकं घालून काहीतरी कुजबुजत होते. मला पाहून गप्प. म्हातारी माणसं, असेल काही जुनं.

१२ एप्रिल, रवि.
चांदूर बाजार. बाबा काल धारणीला जाऊन नीट परत आले. मीटर उत्तम, म्हणाले.
बसवलाय मात्र तिरका. आकडे सगळे एका अंगाला कलंडलेले, ऐंशी डोक्यावर. इतक्या लांब जाऊन हे काम. बाबा दुपारी झोपले होते. पक्कड घेतली, मागचे दोन नट सैल केले, मीटर सरळ केला, नट आवळले. आता शंभर बरोबर वर, साठ आणि एकशेचाळीस दोन्हीकडे खाली. बरं वाटलं. या आठवड्यात हातून धड झालेलं एवढं एकच काम.
सांगायचं राहिलं. सांगण्यासारखं काय होतं त्यात.

१९ एप्रिल, रवि.
काल बाबांबरोबर मीही धारणीला गेले. पेपर संपले, आणि आत्याला पाहून बरेच महिने झाले होते.
परतवाडा सोडलं, घाट लागला. ऊन मरणाचं. बाबा खुशीत, माझ्या लहानपणच्या गोष्टी. मधूनच मीटरकडे नजर टाकत, मान हलवत. मला कसलातरी गोडसर गरम वास आला. विचारलं, इंजिन ठीक आहे ना?
"काटा उभा हाये, माय. उभा हाये तोवर चिंता नाई."
वाकून पाहिलं. काटा उभाच होता. शंभरच्याही जरा पुढे.
बाबा, थांबवा. दोनदा म्हणावं लागलं. बोनेट उघडलं, पाइपच्या तोंडाशी पाणी खदखदत होतं. अजून थोडं वर गेलो असतो तर इंजिन गेलं असतं. इंजिनच कशाला, त्या वळणावर आम्हीही.
सागाच्या सावलीत बसलो. पानं झडलेली, सावली नावालाच. बाबा उठून जीपशी गेले, वाकून मीटरच्या काचेवर बोट फिरवलं.
"कोनं फिरवला हा?"
मी, म्हटलं. तिरका होता म्हणून.
बाबांनी काचेवरचं बोट काढून घेतलं. मग जमिनीकडे पाहत म्हणाले, "मले आकडे दिसत नाईत आता. काटा तेवढा दिसते. म्हनून सलीमले म्हटलं होतं, ऐंशीले इंजिन बरं असते, तिथं काटा उभा दिसन असा बसव. वाकडा झाला की समजून घेईन."
म्हणजे नळी की वायर, तासभर मी भांडत होते ते कशासाठी? मला राग आला. त्यांच्यापेक्षा स्वतःचाच जास्त. नट सैल करण्याआधी एकदा विचारलं असतं तर.
रस्ता तरी दिसतो का, विचारलं. लांबचं चांगलं दिसते, म्हणाले. समोरचा दगड वाचा म्हटलं. हरिसाल, अन् पुढं किलोमीटर, सगळं बरोबर. पण हा रस्ता त्यांना पाठ आहे. डोळे मिटूनही सांगतील.
इंजिन निवल्यावर पाणी भरलं. पुढे मी चालवली. स्टेअरिंग फार जड. खांदे अजून दुखताहेत.
आत्यानं मला ओळखलं नाही. बाबांचा हात मात्र निघेपर्यंत सोडला नाही. "भाऊ, शनिवारी येजो," एवढंच म्हणत होती, परत परत.

२२ एप्रिल, बुध.
डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चला म्हणून फोन केला. शनिवार होऊ दे, म्हणाले. मागच्या आठवड्यात मी शाळेच्या कामांनी वैतागले होते, आज तीच बरी वाटताहेत.
मला दर शनिवारी जमणार नाही. शाळा अर्धा दिवस असते, आणि खरं सांगायचं तर मनही होत नाही.

२४ एप्रिल, शुक्र.
संध्याकाळी बाबांचा फोन. आवाज अगदी साधा.
"मीटर अजून सरळच हाये. मह्या हातानं नट सापडत नाई. सकाळी येतं काय? फिरवून दे, नाईतं तूच चालव."
येते म्हटलं. यातलं काय करायला, ते त्यांनी विचारलं नाही.
फिरवून दिला तर ते एकटे निघतील, आज नाही तर पुढच्या शनिवारी. नाही दिला तर दारात बसून राहतील, आणि तिकडे आत्या दाराकडे पाहत.
पक्कड पर्समध्ये टाकली आहे. पहिली बस साडेपाचला. झोपते.