चाळीतला वास

चिंचेवाडी, ता. पारनेर
२९ सप्टेंबर २०२४

चि. हर्षल,

आशीर्वाद. तुझे वडील गेल्यापासून तो देताना हात कधी आखडला नाही, आजही आखडत नाही. इकडे पाऊस उघडलाय. तुझ्या काकूंचा, सुरेखाचा, गुडघा बरा आहे. तुझी आई, लंकाबाई, काल शेवग्याच्या शेंगा देऊन गेली.

तू फोन उचलत नाहीस. नऊ दिवसांत सात वेळा केला. फोन मधेच कापता येतो. पत्र फाडायचं असलं तरी आधी उघडावं लागतं, म्हणून लिहितोय.

वीस तारखेला आपला छगन कांद्याची ट्रॉली भरून लिलावाला गेला. भाव मनासारखा मिळेना, म्हणून त्याने माल परत न्यायची भाषा केली. व्यापारी हसला. चारचौघांत म्हणाला, "छगनराव, ताणून काय करता? घरी दोनशे गोणी राहिल्यात. त्यात अठ्ठावीस टक्के सड धरलीय. आठ दिवसांनी खत होईल त्याचं."

छगनने मिळेल त्या भावात माल टाकला आणि तिथून थेट माझ्या ओट्यावर आला. आवाज चढवला नाही. इतकंच म्हणाला, "गुर्जी, जे मी बायकूला न्हाई सांगितलं, ते त्याला कुनी सांगितलं?"

मी म्हणालो, चौकशी करतो. चहा पाजला. तो दोन्ही हात जोडून गेला. ते जोडलेले हात तेव्हापासून डोळ्यांपुढून हलत नाहीत.

हर्षल, तू याच मातीतला आहेस, तुला हे समजावण्याची गरज पडावी याचाच संताप येतो. आपल्याकडे माणूस पोरीचं मोडलेलं लग्न सांगेल, पण कांदाचाळीत साठवलेला माल किती सडला ते सांगणार नाही. पाहुण्याला चाळीकडे नेत नाहीत. वास सुटलाच, तर शेजारचा उकिरडा उपसायला काढतात, म्हणजे नाकाला पत्ता लागू नये. सड कळली की शेतकऱ्याची घाई कळते, आणि घाई कळली की भाव पडतो. आजे-पणजांनी शाळेविना शिकलेलं हे शहाणपण. ते मोडायला लावलं कुणी? मी.

तू नागापूरच्या भाड्याच्या शेडमध्ये ती पहिली डबी बनवलीस, गोण्यांचा आकडा भरला की वायूवरून सडीचा टक्का ओळखून मोबाईलवर निरोप पाठवणारी, तेव्हा मी निवृत्तीच्या पैशातले दोन लाख तुझ्या हातावर ठेवले. सुरेखा म्हणाली होती, आधी पत्रे बदलून घ्या. पत्रे अजून गळतात. मग मारुतीच्या पारावर मी पाऊण तास बोललो. माहिती लपवणारा कायम दुसऱ्याच्या दारात उभा राहतो, म्हणालो. टाळ्या पडल्या. छगन मागून ओरडला, "गुर्जी, वास घेनारी डबी हाय तर आधी सरपंचाच्या खिशात घाला." सगळे हसले, आणि दुसऱ्या दिवशी एक्केचाळीस चाळींची दारं तुला उघडली. पहिली डबी छगननेच टांगून घेतली.

पुण्यातल्या गुंतवणूकदारांसमोर कसं बोलायचं, तेही मीच शिकवलं. आकडे नंतर, आधी चाळ दाखव. त्यातल्या एकाने विचारलं होतं, शेतकरी आपली माहिती तुम्हाला का देतील? तू माझ्याकडे बोट दाखवलंस: "सरांमुळे." माझी छाती फुगली. आज कळतं, तू तेव्हाच विकायचा माल दाखवत होतास.

आणि डब्यांच्या कंपनीसकट तो विकलास कुणाला? कांदा घेणाऱ्या कंपनीला. लिलावातला तो व्यापारी त्यांच्याच वतीने बोली लावतो. ज्यांच्यापासून लपवायचं, नेमकं त्यांनाच एक्केचाळीस घरांच्या आतलं दिसायची सोय करून दिलीस. कंपन्या विकल्या जातात, मी काही अडाणी नाही. पण तू मला अंधारात ठेवलंस.

हे वरचं वाक्य लिहून मी अर्धा तास बसून राहिलो. ते खोडत नाही. पण ते खरं नाही.

मे महिन्यात तू कंपनीच्या विक्रीचा कागद सहीसाठी पाठवलास. माझा हिस्सा होता, म्हणून सही लागत होती. उभा जन्म मी पोरांना सांगितलं, वाचल्याशिवाय सही करू नका. मी वाचला. शब्दकोश घेऊन तीन दिवस वाचला. अकराव्या पानावर होतं की चाळींतून येणारी सगळी माहिती यापुढे घेणाऱ्याच्या मालकीची राहील. तिथे मी पेन्सिलीने रेघ मारली. तुला फोन केला. तू म्हणालास, "सर, ते सगळ्यांच्याच कागदात असतं. तुम्ही अडलात तर सगळंच अडेल." तू खोटं बोलत होतास, हे मला तुझ्या आवाजावरून कळलं. नववीत गृहपाठाबद्दल बोलायचास, तसाच आवाज होता. तरी मी रेघ खोडरबराने पुसली आणि सही केली. हा सौदा फिसकटला असता, तर पारावरचं माझं भाषण खोटं ठरलं असतं. मला तेवढंच दिसलं. माणसं दिसली नाहीत.

जूनमध्ये माझ्या खात्यात चौदा लाख आले. हे सुरेखालाही सांगितलेलं नाही. छगनला चहा पाजत होतो, तेव्हाही ते तिथेच होते.

लंकाबाईचं राहिलं. शेंगांच्या पिशवीच्या तळाशी तिने तुझी डबी ठेवली होती, तुमच्या स्वतःच्या चाळीतली. दारातून मागे वळून म्हणाली, "पोराला काय लिहू नका, गुर्जी. पर ही आमच्यात नको." तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, हर्षल. तिने छगनचा चेहरा पाहिला होता.

दोन तारखेला ग्रामसभा आहे. मी उभा राहणार आहे. या वेळी भाषण नाही. अकरावं पान मराठीत करून वाचणार, खालची सही वाचणार, चौदा लाखांचा आकडा वाचणार आणि खाली बसणार. नंतर गाव जे म्हणेल ते. ओट्यावर कुणी आलं नाही, तर तेही माझंच. डब्या मात्र त्याच दिवशी उतरतील.

तू यावंस. माझ्या शेजारी उभं राहण्यासाठी नाही, छगनच्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी. तो प्रश्न त्याने माझ्या दारात विचारला, कारण तुझं हल्लीचं दार त्याला माहीत नाही.

आजवरच्या पत्रांखाली मी 'तुझा मार्गदर्शक' लिहीत आलो. आज खाली अकराव्या पानावरचीच सही करतो.

अमृत कारभारी गाजरे