अर्धा सूर

१४ मार्च, सोमवार

ब्लूज महोत्सवाच्या मिस्टर कोलफॅक्सचा सकाळीच फोन. "मिस व्हर्लीन, यंदा तुमचा सत्कार करायचं ठरलंय. स्टेजवर छानशी खुर्ची ठेवतो. एक गाणं म्हणा, बाकीचं तरुण मंडळी सांभाळतील."

म्हटलं, सत्कार मेल्यावर करा, तेव्हा मी मुकाट आडवी पडून राहीन. आत्ता तासभर गाणार. उभ्याने. माझा सगळा बँड घेऊन.

खूप आढेवेढे घेतले कोलफॅक्सने. शेवटी हो म्हणाला, पण 'झेपेल का हिला' हे आवाजात होतंच.

१५ मार्च

अजून डोकं तापलेलंच आहे. खुर्ची म्हणे!

पोरवयात चर्चमधून हाकललं, देवाचा गळा दारूच्या गुत्त्यात नेला म्हणून. पुढे जुने ब्लूजवाले नाक मुरडायचे — हिची गिटार फार किंचाळते. रॉकवाले म्हणायचे, ही फारच ब्लूज. दोघांच्या नाकावर टिच्चून मेम्फिसपासून ओसाकापर्यंत गाऊन आले. दोन नवरे गेले, रेकॉर्ड कंपन्या बुडाल्या. गळा जागेवर आहे.

१७ मार्च

तालीम. कशाला गेले असं झालंय.

नवा माउथ ऑर्गनवाला आलाय, क्लिओथा. नदीपलीकडच्या हेलेना गावचा. पन्नाशीचा आहे, पण दारातून आत येताना टोपी काढतो. माउथ ऑर्गनवाल्यांचं बरं असतं, प्रत्येक पट्टीचा वेगळा, पट्ट्यात ओळीने खोचलेले. मी माझी पट्टी सांगितली, पहिल्या रेकॉर्डपासूनची. त्याने बरोबर तो काढला, तोंडाला लावला — आणि मांजरीच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज! सगळे थांबले.

"काय वाजवतोस बाबा?"

तो कावराबावरा. "मिस व्हर्लीन, हा बरोबर आहे हो. याला काही खुंट्या नसतात, पिळून खाली आणायला. तुमच्या गिटारीच अर्धा सूर खाली आहेत."

मी आमच्या गिटारवाल्या ओडेलकडे बघितलं; माझीही गिटार तोच लावून देतो. ओडेल बुटांकडे. बास गिटारवाला लेस्टर पुटपुटला, "मी ओडेलशी जुळवतो. तो कित्येक वर्षं तिथंच लावतोय."

कित्येक वर्षं! मला वाटायचं मी शिडी चढतेय, आणि यांनी शिडीच खड्ड्यात उभी केलेली. दोन्ही नवऱ्यांपेक्षा जास्त दिवस हा माणूस माझ्या डाव्या हाताला उभा आहे. त्यानेच!

"माझ्या गळ्याची कीव करतोस होय रे?"

तो नुसता म्हणाला, "वर घेऊ या मग." आणि तारा आवळायला लागला. मला रडू आलं होतं. त्याला दिसू दिलं नाही.

१८ मार्च

ओडेलचा फोन आला. उचलला नाही.

२४ मार्च

स्वयंपाकघरात, घेवड्याची भाजी शिजताना, वरचा सूर लागला. खराखुरा वरचा! पुन्हा लावला. पुन्हा लागला. शेजारची बर्निस कुंपणावरून ओरडली, "अगं, पोलिसांना बोलवू का?" म्हटलं, बोलव, त्यांनाही ऐकव.

२ एप्रिल, शनिवार

गायले. तासभर, भर उन्हात, उभ्याने. शेवटच्या गाण्यात वरचा सूर असा धरला की मैदान उठून उभं राहिलं. कोलफॅक्स हात जोडूनच आला. "पुढच्या वर्षी शेवटचा कार्यक्रम तुमचा. हाच आवाज, हीच पट्टी."

फक्त ओडेल घुम्यासारखा. तार खेचून रडवण्यात त्याचा हात धरणारा या मुलखात कोणी नाही. आज एक तार खेचली नाही. सरळसोट वाजवत राहिला. त्याची एकट्याची पाळी आली, तर मानेने क्लिओथाला खूण केली — तू घे. माझ्या दिवशी रुसून बसला! उद्या जाऊन झाडतेच त्याला.

३ एप्रिल, रविवार

झाडायलाच गेले होते. दार त्याच्या बहिणीने, मॅटीने उघडलं. ओडेल टेबलाशी, डावा हात गरम पाण्याच्या घमेल्यात. बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी. मिटत नव्हती.

मॅटी म्हणाली, "काल रात्रभर असाच बसलाय. सैल तारांवर कसंबसं निभत होतं. कोणी सांगितलं होतं याला आवळायला?"

मी त्याला विचारलं, "म्हणजे ते माझ्या गळ्यासाठी नव्हतं?"

"तुझ्या गळ्याला काय धाड भरलीये?" तो म्हणाला. "तार सैल असली की बोटांना खेचता येते. एवढंच."

"मग बोलला का नाहीस, मूर्खा?"

"तू गळ्यावरून भांडत होतीस. मला हातावरून भांडायचं नव्हतं."

मी समोर बसले. मॅटीने मक्याचा कॉर्नब्रेड वाढला. ओडेलला तुकडा मोडता येईना, मी मोडून दिला. त्याने तो खाल्ला आणि पुढचा मागितला.

७ एप्रिल

तालीम. कोलफॅक्सही आला होता, पुढच्या वर्षीचं बोलायला. सगळ्यांसमोर सांगून टाकलं — शनिवारचं अंगाशी आलं, गळा बसला माझा, आता तो सूर झेपायचा नाही. सगळं अर्धा सूर खाली घ्या. आणि कोणी ओडेलला बोल लावायचा नाही, तो माझ्यासाठीच तारा सैल ठेवत होता.